जिंकणाऱ्यानं उठायचं कधी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली आणि आमच्या गोतावळ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये उभी फूट पडली. धुळ्याचे नाना खूश. त्यांच्या मते हे कधीच व्हायला हवं होतं. महिनाभर आधी तर खुद्द कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला होता. (माणिकराव कोकाटेंनी तो नाकारला. पुढे त्यांचं खातं बदललं, आणि नवं मिळालं ते क्रीडा. हा विनोद नानांनी ग्रुपवर इतक्यांदा टाकला की शेवटी काकूंनी त्यांचा मोबाइल काढून घेतला.)

दुसऱ्या बाजूला पुण्यातला भाचा. नोकरी सांभाळून रात्री ऑनलाइन पोकर खेळायचा, बऱ्यापैकी कमवायचा आणि नोकरी सोडायच्या बेतात होता. त्याचं म्हणणं, सुप्रीम कोर्टानं रमीला १९६८ सालीच कौशल्याचा खेळ म्हटलंय, १८८७ च्या मुंबईच्या जुगारबंदी कायद्यातसुद्धा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेत, आणि पोकर तर रमीपेक्षा कितीतरी अवघड. यावर नाना गुजरात हायकोर्टाचा २०१७ चा निकाल टाकतात, ज्यात पोकरला जुगार ठरवलंय. नव्या कायद्यानं हा वादच निकालात काढला आहे: कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

दोघंही शेवटी माझ्याकडे वळतात. भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही सांगा यांना. तुम्ही तर तिथं लंडनला राजरोस खेळून घर चालवलं." नाना म्हणतात, "त्याला हेबी विचार, मंग उठना कसाले?"

मी अमळनेर तालुक्यातला, बोरीकाठचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इंग्लंडला आलो, कायम राहण्याचा परवाना हातात पडल्यावर नोकरी सोडली आणि काही वर्षं लंडनच्या कॅसिनोंमध्ये पोकर हाच धंदा केला. मग तोही सोडला. सोडला तेव्हा मी जिंकत होतो. गावी हे कुणाच्या गळी उतरत नाही. पारावर बसलो की पहिला प्रश्न, "कितला हारना?" हरलो नाही म्हटलं की दुसरा, "जिकी राह्यंता ते सोडं कसाले?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नानांच्या बाजूला सापडत नाही, भाच्याच्याही नाही.

भाचा खरं बोलतो, हे आधी मान्य करतो. पोकरमध्ये कौशल्य आहे आणि ते भरपूर आहे. पण ते कसं दिसतं ते बघा. तुमच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, सगळे पैसे मध्ये, आणि टेबलावरचे पाच सामाईक पत्ते अजून उघडायचे. पोकरमध्ये याहून चांगली वेळ क्वचित येते. तरी शंभरातून अठरा वेळा तुम्ही हरता. तुम्ही सगळं बरोबर केलंत आणि पैसे गेले. दुसऱ्या दिवशी सगळं चुकीचं करून पैसे येतात. आपण काम नीट केलं का, हे त्या रात्रीच्या निकालावरून कधीच कळत नाही. सुताराला दरवाजा बसला की कळतं.

टेबलावर सर्वसाधारण हिशोब असा की चांगला खेळाडू तासाला पाच ते दहा बिग ब्लाइंड कमावतो. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीनं लावायच्या दोन रकमांतली मोठी. एक-दोन पौंडाच्या टेबलावर म्हणजे तासाला दहा ते वीस पौंड. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतनच तासाला १२.२१ पौंड झालं. म्हणजे खालच्या टेबलावरचा हुशार माणूस सुपरमार्केटात माल लावणाऱ्याच्या आसपास कमावतो, फक्त त्याला पगारी रजा नाही, आजारपणाचे पैसे नाहीत, पेन्शन नाही. वरच्या टेबलावर जावं तर तिथे तुमच्यासारखेच बसलेले. आणि चढउतार एवढे की महिन्याला शंभरेक तास नीट खेळूनही चार-पाच महिन्यांतून एक महिना तोट्यात जाणारच. त्या महिन्यात घरभाडं थांबत नाही. बायको काही बोलत नाही, आणि ते जास्त लागतं.

नशिबावर खेळणारा हरला की कपाळावर हात मारून उठतो. मटक्याचा आकडा लावणाऱ्याला आपण आकड्याला काही करू शकत नाही हे आतून माहीत असतं. कौशल्यवाल्याचं तसं नाही. तो म्हणतो, मी बरोबर खेळलोय, पैसे परत यायलाच हवेत, आणि आणखी बसतो. घरी आला की प्रत्येक हात पुन्हा तपासतो. २०१५ च्या सुमाराला सॉल्व्हर नावाची सॉफ्टवेअर आली, कुठल्या पत्त्यावर किती वेळा किती लावायचं याचं जवळपास गणिती उत्तर काढून देणारी. तेव्हापासून दिवसा अभ्यास आणि रात्री खेळ, अशी दुहेरी पाळी सुरू झाली. ज्याला आपण मोकळा, स्वतंत्र धंदा म्हणून धरलं होतं, त्यात मालक नव्हता एवढंच; तास ऑफिसपेक्षा जास्त होते. व्हेनेसा सेल्बस्टसारखी बाई, जागतिक स्पर्धेची तीन ब्रेसलेट, म्हणजे विजेतेपदं, जिंकलेली, २०१७ च्या अखेरीला व्यावसायिक पोकर सोडून हेज फंडाच्या नोकरीत गेली, ती बातमी मी दोनदा वाचली होती.

थकवा मात्र गणिताचा नव्हता. तो माणसांचा होता.

पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोशी खेळत नाही, समोर बसलेल्यांशी खेळता. कॅसिनो प्रत्येक डावातून आपला रेक, म्हणजे वाटा, कापतो, उरलेलं टेबलावरच फिरतं. म्हणजे माझं घर चालायचं तर कुणीतरी नियमानं हरायला हवं, आणि हसत हरायला हवं, नाहीतर तो पुन्हा येणार नाही. टेबलाच्या भाषेत त्याला फिश म्हणतात, तो उठून गेल्यावर. लंडनचे बरेच कॅसिनो चोवीस तास उघडे असतात. मध्यरात्री हॉटेलं बंद करून स्वयंपाकी आणि मालक यायचे. त्यात एक सिल्हेटी काका होते, जॅकेटला कांद्याच्या फोडणीचा वास, मला "ब्रदर" म्हणायचे. त्यांच्या मुलीची परीक्षा कधी, गुडघ्याचं ऑपरेशन कुठे, सगळं मला पाठ. मी आवर्जून त्यांच्या डाव्या हाताला जागा धरायचो, कारण मग ते आधी खेळतात आणि मी नंतर, ते पाहून. त्यांच्याशी गप्पा मला खरंच आवडायच्या. पण त्या गप्पा थांबल्या तर ते उठून जातील हेही मला माहीत होतं, आणि काही महिन्यांनी यातलं आवडणं किती आणि धंदा किती ते मलाच सांगता येईना. पुढे पुढे तर मित्राच्या घरी जेवायला गेलो तरी माणूस बोलताना हात कुठे नेतो, श्वास कधी धरतो, तेच डोळे टिपायचे. झोपायला सकाळ, उठायला तिसरा प्रहर, हिवाळ्यात तर ऊन बघितल्याचं आठवायचं नाही.

आप्पांना मी फोनवर कमाई सांगायचो. ते कधी शाब्बास म्हणाले नाहीत, रागावलेही नाहीत. एकच विचारायचे: "हाऊ पैसा कोना शे?" मी सांगायचो, खुशीनं खेळणाऱ्यांचा. ते म्हणायचे, "बरं."

गावात यावर एक ठरलेला युक्तिवाद आहे, तो भाचाही वापरतो: शेती तरी काय वेगळी, तोही जुगारच. कापूस लावा, पावसाकडे बघा, भावाकडे बघा. ऐकायला गोड आहे आणि आपल्याकडे टाळ्या मिळवतो. पण मला तो मुळातच पटत नाही. पाऊस तुमच्या चेहऱ्यावरून तुमचा हात ओळखत नाही. आणि साल कितीही वाईट गेलं तरी चार क्विंटल कापूस निघतो, तो कुणाच्या तरी अंगाला लागतो. टेबलावर रात्रभरात काही पिकत नाही, फक्त या खिशातून त्या खिशात जातं आणि मध्ये रेक कापला जातो.

नानांचा युक्तिवाद याच्या उलटा: हे परदेशी खूळ आहे, आपल्या मातीत नव्हतं. नानांना इतकंच सांगतो की मटक्याचा आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावर लागायचा. ते भाव मुंबईला यायचे आणि लोक त्यावर पैसे लावायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते बंद झालं, म्हणून पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. आपण कापूस पिकवणारे लोक, या गोष्टीशी आपला संबंध नव्हता असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया? लेकीबाळी माहेरी येऊन निंबाच्या फांदीला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुष मंदिरात, पारावर, शाळेच्या ओट्यावर पत्ते कुटतात. पैसे लावूनच. खुद्द नाना त्यात असत, मी त्यांना चहा नेऊन दिलाय.

पण आखाजीच्या पत्त्यांत एक गोष्ट होती, जी लंडनच्या कॅसिनोतही नव्हती आणि भाच्याच्या अॅपमध्येही नव्हती. ते संपायचे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. मधल्या एकदोन दिवसांत तो कुणाचाच नोकर नसतो, म्हणून मालक आणि सालदार एका चटईवर बसायचे. मग नव्या सालाची बोली व्हायची, नांगरटीची कामं निघायची आणि पत्ते फडताळात. कुणी फार हरलं तर म्हातारी माणसं डाव मोडायची. याचे मी उगाच गोडवे गात नाही; त्या दोन दिवसांत अंगावरचे दागिने गेलेली घरंही गावाला माहीत आहेत. तरी उठवणारं कुणीतरी होतं.

भाच्याला वाटतं इंग्लंड पुढारलेला देश आहे, तिथे सगळं मोकळं. इथे पोकरच्या कमाईवर खेळाडूला कर लागत नाही, हे खरं. पण का लागत नाही, तर पैज लावणं हा व्यवसायच होत नाही असं इथला कायदा १९२५ च्या एका निकालापासून धरतो. त्याची दुसरी बाजू अशी की घरासाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेला दाखवायला माझ्याकडे उत्पन्नच नव्हतं. अमेरिकेत तर २०२६ पासून हरलेल्या रकमेतली ९० टक्केच वजावट मिळणार. लाख जिंकून लाख हरणाऱ्यालाही दहा हजारांवर कर. आपल्याकडे सरकारनं २०२३ पासून जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर घेतला, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला, आणि दोन वर्षांत धंदाच बंद केला. भाचा यावर चिडतो ते मला पटतं. काल ज्याचा कर घेतला तो आज समाजद्रोही कसा?

इथलं घेण्यासारखं असेल तर ते मोकळेपण नाही, दार आहे. एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. ऑनलाइन खेळणाऱ्यासाठी गॅमस्टॉप आहे: स्वतः नाव नोंदवा, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं सगळ्या परवानाधारक साइट तुम्हाला बंद, आणि मुदत संपेपर्यंत तुम्हालाही ते उघडता येत नाही. कॅसिनोंसाठी तशीच सेन्स नावाची योजना आहे. मी सोडायचं ठरवलं तेव्हा तिचा अर्ज भरायला गेलो. तिथली बाई हळुवारपणे विचारत होती, जुगाराचं व्यसन लागलंय का, कर्ज झालंय का. मी म्हटलं, नाही, मी नफ्यात आहे. तिनं पेन खाली ठेवलं. पारावरचाच प्रश्न, इंग्रजीतून. शेवटी म्हणाली, कारण लिहिणं सक्तीचं नाही, सही करा.

आपल्या कायद्यात विकणाऱ्याला तुरुंग आहे, खेळणाऱ्याला सूट आहे. पण ज्याला स्वतःला थांबवायचंय त्याच्यासाठी काही नाही. पारोळ्यातल्या किंवा शहाद्यातल्या पोराचं अॅप बंद झालं की तो टेलिग्रामवरच्या परदेशी साइटकडे जाणार, नाहीतर गावातल्या क्लबात, आणि तिथे तर तक्रार करायलाही जागा नाही. आमच्या खासदारांना मला एवढंच सुचवायचंय की बंदी ठेवायची तर ठेवा, पण ज्याला आपणहून आपलं नाव बंद करून घ्यायचंय त्याच्यासाठी एक नोंदवही ठेवा, बँकेच्या आणि यूपीआयच्या पातळीवर. नानांना हे फार मवाळ वाटतं, भाच्याला जाचक.

मी आता एका गोदामाच्या कंपनीत मालाच्या हिशोबाची सॉफ्टवेअर सांभाळतो. पगार कमी आहे, आणि मागच्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून दोन दिवस घरी झोपलो तर त्याचेही पैसे मिळाले. भाच्याला हे सांगितलं तर तो हसला. कंपन्या कोर्टात गेल्यात, बंदी उठली की तो नोकरी सोडणार म्हणतो, नाहीतर गोव्याला जाईन म्हणतो. मी त्याला नाही म्हटलेलं नाही. तोवर त्यानं मागच्या सगळ्या रात्रींचा हिशोब काढून पाठवायचा ठरलंय, रेक आणि कर वजा करून, आणि सॉल्व्हरसमोर बसलेले तासही त्यात धरून.