लेकीच्या केसांबद्दल, आपल्या सगळ्यांसाठी

आज जरा मोठं लिहितेय आणि आपल्याच माणसांसाठी लिहितेय. माझा नवरा नायजेरियन, लागोसचा, तिथल्या योरुबा समाजातला, आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमच्या लेकीचे केस बाबाच्या वळणावर गेलेत, एकेक बट पेनातल्या स्प्रिंगसारखी, इकडे टाइप फोर म्हणतात तसे. व्हिडिओ कॉल असो नाहीतर सुट्टीत पुण्याला येणं असो, कोणीतरी विचारतंच, अगं यांचं काही करता येत नाही का, स्मूदनिंग कर, निदान तेल चोपडून घट्ट वेण्या घाल म्हणजे बसतील तरी. प्रेमानेच म्हणता सगळे, माहितीये मला. पण ती तिथेच बसलेली असते आणि तिला मराठी सगळं कळतं.

हे केस दाट आणि राकट दिसतात पण असतात सगळ्यात नाजूक. आपल्या सरळ केसांत टाळूचं तेल आपोआप टोकापर्यंत उतरतं, इथे ते वळणावळणावर अडतं, त्यामुळे टोकं कायम कोरडी, आणि जिथे वळण तिथेच केस तुटतो. म्हणून रोज सकाळी कोरड्या केसांतून फणी फिरवायची आपली सवय इथे चालतच नाही. गुंता सोडवायचा तो ओल्या केसांत, भरपूर कंडिशनर लावून, आधी बोटांनी मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि सुरुवात टोकाकडून, मुळापासून कधीच नाही. आमची रविवारची दुपार यातच जाते आणि मला ती मनापासून आवडते. मग आधी पाणी नाहीतर लीव्ह-इन (न धुता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर), त्यावर थोडं तेल, त्यावर क्रीम किंवा शिया बटर. तेलाने ओलावा मिळत नाही, आत आहे तो टिकतो, म्हणून कोरड्या केसांवर वाटीभर खोबरेल ओतलं तरी केस कोरडेच राहणार. रात्री सॅटिनचं बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची टोपी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो.

आणि हो, "वाढत कसे नाहीत हिचे?" वाढतात की. ओढून धरले तर खांद्याखाली येतात, सोडले की परत कानापाशी. लांब दिसायला हवे असतील तर सासूबाई बटांना काळा दोरा गुंडाळतात, जुनी योरुबा पद्धत आहे, उष्णता न लावता केस ताणले जातात. किती सुंदर कला आहे ती!

घट्ट वेण्यांचं मात्र मी अजिबात ऐकणार नाही. सतत ओढ बसली तर कपाळाजवळचे केस मुळापासून जातात, ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात त्याला, आणि फार वर्षं तसंच चाललं तर ते परत येत नाहीत. बॉक्स ब्रेड्स (सुट्या बारीक वेण्या), कॉर्नरोज (टाळूलगत घातलेल्या वेण्या) आम्हीही घालतो, पण दुखलं की सैल करायचे, पोरीला "सहन कर" म्हणायचं नाही.

केमिकलचं तर नावच काढू नका. बऱ्याच रिलॅक्सरमध्ये, म्हणजे केस सरळ करायच्या क्रीममध्ये, सोडियम हायड्रॉक्साइड असतं, नाली साफ करायच्या पावडरीत असतं तेच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा अभ्यास आला, ३३ हजारांहून जास्त बायका, जवळजवळ ११ वर्षं. केस सरळ करायची केमिकल्स कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५. केमिकलनेच होतो हे यातून सिद्ध झालेलं नाही, पण तिसरीतल्या मुलीच्या डोक्यावर मी हे का ओतू?

आणि हा नुसता दिसण्याचा विषय नाहीये हो. आमच्याच राज्यात डिसेंबर २०१८ मध्ये शाळेच्या कुस्तीत एका कृष्णवर्णीय मुलाला रेफरीने सांगितलं, केस काप नाहीतर हरलास. भर मॅटशेजारी त्याचे ड्रेडलॉक्स, जटांसारख्या बटा, कापले. तो जिंकला, पण ते बघवत नाही. वर्षभराने न्यू जर्सीत क्राउन ॲक्ट आला, केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा, कॅलिफोर्नियाने त्याआधीच २०१९ च्या जुलैत केला होता. म्हणजे स्वतःच्या केसांनिशी शाळेत, नोकरीवर जाता यावं म्हणून कायदा करावा लागला! बाहेर हे सगळं तिच्या वाट्याला येणारच आहे, मग निदान आजोळी तरी तिला कोणी "नीट" करायला बघू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिसेंबरमध्ये लग्नाला येतोय. तिचे केस वर गोळा करून मोठ्ठा पफ बांधणार आहे आणि त्याभोवती मोगऱ्याचा गजरा, हे तिनेच ठरवलंय. न विचारता केसांत हात घालू नका, पार्लरवालीचा नंबर पाठवू नका. गजरा मात्र आत्याने आणायचाय, चांगला लांब लागेल.