आघातात चिकट सांधा: ‘सुरक्षित बाजू’ कोणती?

मोटारीच्या सांगाड्यात पत्रे जोडणाऱ्या इपॉक्सी चिकटद्रव्यांविषयी एक विधान हमखास ऐकू येते: आघाताच्या वेगाला इपॉक्सी आणखी मजबूत होते, त्यामुळे सावकाश ओढून मिळवलेले आकडे अपघाताच्या सिम्युलेशनमध्ये घातले तरी उत्तर सुरक्षित बाजूलाच राहते.

विधानाचा पहिला भाग खोटा नाही. भार झपाट्याने आला की रेणूंना जागा बदलायला सवड मिळत नाही, आणि ज्या प्रतिबलाला (दर क्षेत्रफळामागच्या भाराला) इपॉक्सी कायमची विरूप होऊ लागते ते साधारणपणे विकृतीच्या दराच्या, म्हणजे ताण किती झपाट्याने वाढतो त्याच्या, लॉगॅरिदमनुसार वाढत जाते.

मात्र मजबुती म्हणजे चिवटपणा (फाटण्याआधी ऊर्जा पचवण्याची क्षमता) नव्हे, आणि खरी गफलत इथेच होते. अपघात सोसण्यासाठी बनवलेल्या इपॉक्सीत बहुधा रबराचे सूक्ष्म कण असतात; तडा पुढे सरकताना त्यांच्यात पोकळ्या होतात, भोवतालची इपॉक्सी ताणली जाते आणि ऊर्जा खर्ची पडते. वेग फार वाढला किंवा तापमान उतरले, की काही चिकटद्रव्यांत ही क्रिया आखडते: सांधा भार जास्त पेलतो, पण कमी ऊर्जेत फाटतो. सांधा कसा उघडत जातो हे सिम्युलेशनमध्ये मांडणाऱ्या कोहेसिव्ह झोन मॉडेलमध्ये प्रतिबल आणि फट यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे भंगऊर्जा, सांधा फाडायला लागणारी ऊर्जा. तिथे सावकाश चाचणीतला मोठा आकडा तसाच राहिला, तर चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते.

शिवाय ‘सुरक्षित बाजू’ ही कल्पना पुलाच्या तुळईला शोभते. चुरगळण्यासाठीच घडवलेल्या भागाला नव्हे. चिकटद्रव्य दुबळे धरले, तर प्रत्यक्षात पत्र्याला जिथे घडी पडणार तिथे मॉडेलमध्ये सांधा सुटतो आणि पुढच्या घड्यांचा क्रमच बदलतो.

दोन वेगांतील अंतरही किरकोळ नाही. थर 0.2 मिमी जाड असून पत्रे सेकंदाला 1 मीटर वेगाने दुरावले, तर ढोबळ विकृती-दर सेकंदाला 5000 येतो. मिनिटाला 1 मिमी वेगाच्या चाचणीत तो याच्या साठ हजाराव्या भागाइतकाच असतो. एवढ्या पल्ल्यावर रेघ नुसती पुढे ओढणे हा अंदाज झाला, मापन नव्हे. मापनासाठी हॉपकिन्सन बारसारखी साधने लागतात; त्यात लांब दांड्यांतून धक्क्याची लाट नमुन्यावर सोडतात.

राहिला तो चिकटद्रव्याच्या माहितीपत्रकातला मजबुतीचा ‘30 मेगापास्कल’सारखा आकडा. तो एकावर एक पत्रे चिकटवलेल्या सांध्याची सरासरी असतो. प्रतिबल टोकांशी साचते हे संशोधक फोल्करसेन यांनी 1938 मध्येच दाखवले होते, आणि पत्रा वाकल्याने सांधा सोलला जातो हे गोलँड व रीस्नर यांनी 1944 मध्ये. घडी पडणाऱ्या पत्र्याच्या कडेला हे सोलणेच प्रमुख असते, आणि कातर-चाचणीचा, म्हणजे पत्रे एकमेकांवरून सरकतील असे ओढून मिळवलेला, सरासरी आकडा त्याविषयी जवळपास मुका असतो.