चाकाचे सोळा नट

अठ्ठावीस वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत काढली. आमच्याकडे नट आवळला की त्यावर पिवळ्या पेंटची रेघ मारायची, आवळणाऱ्याने तक्त्यावर सही करायची. एका नटावर रेघ दिसली नाही तर अख्खा लॉट बाजूला. एवढं सगळं करून रिटायर झालेला माणूस स्वतःच्या गाडीला चार नवे टायर बसवून घेताना काय करत होता? दुकानाच्या काचेच्या खोलीत बसून चहा पीत होता.

दुकानाचं नाव लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

टायर घेताना मी फार हुशारी केली होती म्हणा. टायरवरचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल), माल ताजा आहे याची खात्री केली, पक्कं बिल मागितलं. चाकांच्या अलाइनमेंटच्या मोठ्या स्क्रीनवर लाल आकडे हिरवे होताना बघितले. बाहेर नट आवळायच्या हवेच्या गनचा 'टर्रर्र' आवाज येत होता, तो मात्र कानाआड केला.

हे सप्टेंबरमधलं. दीड-दोन महिन्यांत ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी सिंहगड रोडच्या खड्ड्यांना नावं ठेवली. पुण्यात ही सोय आहे, गाडीचं काहीही बिघडलं तरी खड्डे तयारच असतात.

मग नोव्हेंबरात कऱ्हाडला भाचीच्या साखरपुड्याला निघालो. खंबाटकी ओलांडली आणि भुईंजच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. खिळा. त्यात कुणाची चूक नाही. स्टेपनी काढली, दगड लावले, पाना नटावर बसवला. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. शेवटी पान्यावर उभा राहिलो. माझं वजन ७४ किलो, पाना फूटभर लांब, म्हणजे पिळाचा जोर (टॉर्क) जवळजवळ सव्वादोनशे न्यूटन-मीटर. (ही म्हणतच होती, "अहो, आता गणितं कसली करताय?") माझ्या गाडीच्या पुस्तकात या नटांना शंभराच्या आसपासचा टॉर्क दिलाय. दुपटीहून जास्त जोर लावला तरी नट जागचा हलला नाही. म्हणजे गनने किती आवळला असेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेतली. "सायेब, असं न्हाय निघायचं. पाइप हाय माझ्याकडं." पान्याला चार फुटी पाइप अडकवून त्याने तीन नट काढले. चौथा नट निघाला तो स्टडसकट, म्हणजे ज्या दांड्यावर तो फिरतो त्यासकट, खटकन तुटून. तीन नटांवर स्टेपनी लावून, धोक्याचे दिवे चालू ठेवून, चाळिसाच्या वेगाने सातारा गाठलं. साखरपुड्याला पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या.

साताऱ्याच्या मेस्त्रीने चारही चाकं काढली तेव्हा बाकीचं उघड झालं. पुढच्या उजव्या टायरवर 'आउटसाइड' हा शब्द आतल्या बाजूला होता, म्हणजे टायर उलटा बसवलेला. अशा टायरची आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असते. वळणावर जोर घ्यायला बाहेरची, पाणी काढून टाकायला आतली. दोन अलॉय रिमच्या कडांवर टायर चढवायच्या मशीनच्या जबड्याचे ओरखडे होते. जबड्यांवर प्लॅस्टिकची टोपणं चढवायची असतात, ती कुणी चढवलीच नव्हती. आणि पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क वाकड्या. तसं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे नट कमीजास्त आणि एकाच बाजूने आवळले, की डिस्क किंचित तिरकी बसते. केसाएवढी. मग प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला घासतो आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी असमान होते. थरथर येते ती तिथून. म्हणूनच ती पहिल्या दिवशी जाणवत नाही. जाणवते तेव्हा आपण दुसऱ्याच गॅरेजमध्ये असतो, तिथे ब्रेकचं बिल देतो आणि मूळ चूक करणारा मोकळा राहतो.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. चूक झाली याचा नाही. चुका आमच्या लाइनवरही व्हायच्या.

परत आल्यावर दुकानात गेलो. मालक म्हणाले, "काका, गाडी इथून गेली तेव्हा ओके होती. मधे कुणीतरी हात लावला असेल." लावला नव्हता. "ओरखडे आधीचेच असतील." नव्हते, पण माझ्याकडे आधीचे फोटो कुठे होते? उलट्या टायरवर मात्र त्यांना बोलता येईना. टायर काही स्वतःहून उलटा होत नाही.

भांडायला माझा आवाज बारीक पडतो. म्हणून घरी येऊन एक पत्र लिहिलं. तारीख, बिल नंबर, किलोमीटरचं रीडिंग, साताऱ्याच्या मेस्त्रीने लेटरहेडवर लिहून दिलेल्या चार ओळी, तुटलेल्या स्टडचा फोटो आणि मागणीची रक्कम. स्पीड पोस्टाने पाठवलं. शेवटी एवढंच लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही पोकळ धमकी नव्हती. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. ज्या शहरात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्या शहरात आपण अजून दोनशे रुपये वाचवायला कच्चं बिल घेतो आणि नंतर व्हॉट्सअॅपवर रडतो.

अकराव्या दिवशी फोन आला. टायर सुलटा करून दिला, स्टड बदलले, डिस्कचे अर्धे पैसे दिले. अलॉयचे ओरखडे माझ्या वाट्याला आले. मीही पुढे ताणलं नाही. ताणायला हवं होतं, असं आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं मत आहे. त्यांनी स्वतः कधी काही ताणलेलं मला आठवत नाही. मालकांनी पैसे दिले म्हणून नाव लिहीत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दुकानात अलाइनमेंटचं लाखोंचं मशीन आहे, कारण त्याची स्क्रीन गिऱ्हाइकाला दिसते. काही हजारांत मिळणारा, नट मोजून आवळायचा टॉर्क रेंच नाही, कारण तो कुणी बघत नाही. पिंपरी, आकुर्डी, चाकण... या पट्ट्यात निम्म्या घरांतला कुणी ना कुणी मोजून नट आवळण्याचा पगार घेतो. गाडी फॅक्टरीच्या गेटबाहेर पडली की तोच नट एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातातल्या गनवर. त्याला शिकवलंय काय, तर 'ढिला राहिला तर तुझं काही खरं नाही'. तो बिचारा जमेल तेवढा आवळणारच. जास्त आवळल्याबद्दल त्याला कधी कुणी ओरडलेलं नाही.

आता मी डिकीत स्वतःचा टॉर्क रेंच ठेवतो. नाना पेठेतून आणला. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका दुकानात टायर फिरवून घेतले. गाडी आत घ्यायच्या आधी चारही चाकांचे फोटो काढले, आणि "गन नको, नट नुसते हाताने धरवून दे" असं पोराला सांगितलं. पोरगा कुतूहलाने बघत होता. "काका, हे काय?" रेंच त्याच्याच हातात दिला. समोरासमोरचे नट घे, सावकाश ओढ, 'टक' वाजलं की थांब. पहिल्याला तो थांबलाच नाही, मी हात धरला. दुसऱ्याला थांबला. "एवढंच?" असं माझ्याकडे बघून म्हणाला, आणि मग सोळाच्या सोळा नट स्वतः केले, प्रत्येक 'टक'ला मान हलवत.

आतून शेठ ओरडले, "अरे, टाइम नको लावू, मागं तीन गाड्या आहेत."