सॅम्पल आणलंय का?

वडिलांची 1984 ची येझदी रोडकिंग माझ्या वाट्याला आली, तेव्हा भावानं एका शब्दानंही हरकत घेतली नाही. शंका तिथेच यायला हवी होती.

म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 मध्ये येझदी हे नाव बाजारात परत आलं खरं, पण नवी गाडी फोर स्ट्रोक, वर पाण्यानं थंड होणारी. आमच्या धूर ओकणाऱ्या टू स्ट्रोक म्हातारीशी तिचं नातं आडनावापुरतं. त्यामुळे पार्ट गेला की शोधायचा, नाहीतर करून घ्यायचा.

यंदा चिमट्याचे बुश गेले. मागचं चाक धरणारा चिमटा फ्रेमला जिथं जोडलेला असतो, तिथल्या पिनवर बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या म्हणजे हे बुश. ते झिजले की पुढचं चाक मिरजेला निघतं आणि मागच्याला हरिपूरला जावंसं वाटतं.

स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. मालकानं मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं, "येझदी? बुलेटचा देऊ?" बटाटे संपलेत, वांगी देऊ का, इतक्या सहज. मग उरले लेथवाले मामा.

मामांचा हात सोन्याचा, पण त्या हातापर्यंत पोचायला रांग आहे. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली की ट्रॉलीच्या पिना. फेब्रुवारीत हळद निघाली की पॉलिशच्या ड्रमचे शाफ्ट. जुन्या गाड्यांची हौस करणारे आम्ही पार शेवटी. पावसाळ्यात मामा मोकळे असतात, पण तेव्हा ते कृष्णेचं पाणी कुठवर आलंय हे बघायला आयर्विन पुलावर असतात.

"सॅम्पल आणलंय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दिवाळीच्या आधी एक बुश देऊन आलो. "उद्या या" असं ऐकत, दर खेपेला एक चहा पीत संक्रांत गाठली. शेवटी मामांनी डबे, ड्रॉवर, बाकाखालची पत्र्याची पेटी सगळं उपसलं आणि म्हणाले, "2019 च्या पुरात गेलं बघा."

"मामा, मी या दिवाळीला दिलंय."

मामांनी क्षणभर विचार केला. "मग ते दुसऱ्याचं गेलं आसंल."

सुदैवानं बुश दोन होते. दुसरा दिला आणि या खेपेला तिथंच स्टुलावर बसून राहिलो. मामांनी व्हर्नियर लावला, गनमेटलचा तुकडा चकात धरला आणि दुपारपर्यंत असा झळझळीत जॉब उतरवून दिला की गाडीत घालण्यापेक्षा देव्हाऱ्यात ठेवावा. मेकॅनिककडे बसवून घेतला, गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक धरून हलवलं. खडखड तशीच! तसूभरही कमी नाही.

परत मामांकडे. मामांना राग आला. त्यांनी जुना आणि नवा, दोन्ही बुश माझ्यासमोर मोजले. "सॅम्पलपरमानं हाय का न्हाई? एका थाऊचा फरक दावा."

फरक नव्हताच. चाळीस वर्षांत वडिलांनी आणि मी मिळून जी झीज केली होती, ती मामांनी एका दुपारात हुबेहूब उतरवली होती.

"मामा, सॅम्पल झिजलेलं होतं."

"मग झिजलेलं कशाला आणलं? पिन आणा. पिनचं माप घिऊन करू." पिन आणली, तर तीही एका बाजूनं खाल्लेली. चिमट्याचं भोकही बघायला लागणार होतं. मामा म्हणाले, "आसं करा, गाडीच आणा." गाडी छोट्या हत्तीत घालून आणली. भाडं सातशे. मामांची मजुरी, विचारून घेतली, दोनशे. (बायकोला दोन्ही आकडे सांगितलेले नाहीत.)

तोवर हळद निघाली होती. गाडी मामांच्या शेडबाहेर लिंबाखाली उभी राहिली. ड्रमचा शाफ्ट न्यायला आलेली माणसं तिच्यावर बसून तंबाखू मळायची. हँडलला कुणीतरी जेवणाचा डबा अडकवायचं. मी रोज संध्याकाळी दवाखान्यातल्या माणसाला भेटावं तसं तिला भेटून यायचो.

परवा गेलो तर एक तरुण पोरगा मामांपुढे उभा. त्यालाही येझदीच्याच चिमट्याचे बुश हवे होते. बिचारा अजिजीनं सांगत होता, "मामा, जुने बुश पार तुटलेत हो, सॅम्पल न्हाई माझ्याकडं."

मामांनी लेथ बंद केला, फडक्याला हात पुसले आणि लिंबाकडे बोट केलं.

"सॅम्पल? ते काय उभं हाय की!"