सप्टेंबरच्या स्कोअरला हसणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं तापलंय, तेव्हा पोस्ट लांब होणार. वाचायची तर शेवटपर्यंत वाचा.

काल अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे (हातात चेंडू घेऊन धावतात ते अमेरिकन फुटबॉल) निकाल आले. आपल्या ग्रुपवर एकाने डिव्हिजन थ्रीच्या निकालांचा फोटो टाकला, ५१-६ या ओळीभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, "कशाला खेळतात हे लोक?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यातल्या ६ वाल्या संघात आपल्याच एका घरातला मुलगा खेळतो, दर गणेशोत्सवात ढोल वाजवणारा, आणि त्याची आई त्याच ग्रुपवर आहे. वहिनी काही बोलल्या नाहीत. म्हणून मी बोलतोय.

आधी हे फुटबॉल कोणतं ते समजून घ्या. टीव्हीवर लाखभर लोकांसमोर चालतं ते डिव्हिजन वन. डिव्हिजन थ्री १९७३ पासूनचा. फुटबॉल खेळणारी सगळ्यात जास्त कॉलेजं याच विभागात आहेत, २४० च्या आसपास, आणि त्यातली बहुतेक छोटी. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, एका डॉलरचीसुद्धा नाही. सकाळी केमिस्ट्रीची लॅब, दुपारी सराव, रात्री असाइनमेंट, आणि शनिवारी कधी कधी पाच-सहा तास बसने जाऊन सामना. हे करणाऱ्या मुलाला "कशाला खेळतोस" असं आपल्यापैकी कोणी तोंडावर विचारेल का?

आता तो ५१-६.

आपला मुलगा लाँग स्नॅपर आहे. पंटच्या वेळी, म्हणजे किक मारून चेंडू लांब समोरच्यांकडे पाठवायचा तेव्हा, चेंडू दोन पायांमधून १४-१५ यार्ड मागे फेकायचा, साधारण पाऊण सेकंदात, आणि उजव्या पायाने किक मारणाऱ्या पंटरच्या उजव्या कमरेशी. या फेकीला स्नॅप म्हणतात. स्नॅपपासून किकपर्यंत सगळं मिळून दोन सेकंदांच्या आसपास संपलं पाहिजे, नाहीतर पंट अडवला जातो. कोरड्या चेंडूने तो हे झोपेतसुद्धा करेल. काल पहिल्या क्वार्टरमध्ये वीज चमकली. शेवटच्या विजेनंतर तीस मिनिटं खेळ थांबवायचा, तसा तो थांबला. मुलं लॉकर रूममध्ये बसून गार पडली आणि पाऊस चालू असतानाच परत मैदानात उतरली. कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक संघ आपल्या आक्रमणाला आपलेच चेंडू वापरतो. मोठ्या संघांकडे कडेला टॉवेल घेऊन चेंडू कोरडे ठेवणारी तीन-चार माणसं असतात. इथे एक मुलगी होती, आणि पाण्याच्या बाटल्याही तिच्याकडेच.

ओल्या चेंडूची शिवण अंगठ्याखालून सरकली की स्नॅपर आणखी जोर लावतो. जोर लावताना कंबर वर उचलली जाते, आणि कंबर उचलली की चेंडूही वर जातो. दोन स्नॅप पंटरच्या डोक्यावरून गेले. पहिला जाऊन पडला तो स्वतःच्याच एंड झोनमध्ये, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात. पंटरने शहाणपण केलं, चेंडू घेऊन मागच्या रेषेबाहेर गेला: २ गुण दिले, टचडाऊनचे ७ वाचवले (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की ६, त्यानंतरच्या किकचा, म्हणजे एक्स्ट्रा पॉइंटचा, १). पण याला सेफ्टी म्हणतात, आणि सेफ्टीनंतर ज्याने गुण दिले त्यालाच आपल्या २० यार्डांवरून किक मारून चेंडूही द्यावा लागतो. समोरच्यांना जवळचं मैदान मिळालं आणि टचडाऊन झालाच. दुसरा स्नॅप आपल्या ९ यार्डांवर समोरच्यांनी उचलला, तिथूनही टचडाऊन. दोन स्नॅप, १६ गुण. त्याआधी आपला एक पास मधेच पकडून त्यांनी थेट टचडाऊन केला होता. पहिल्या क्वार्टरला २३-०.

या २३ गुणांसाठी समोरच्या संघाला मैदानाची पूर्ण लांबी एकदाही चालावी लागली नाही. लाल गोलात हे दिसत नाही.

म्हणून सांगतो, सप्टेंबरचा निकाल बघायचा तर अंतिम आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी क्वार्टरनिहाय स्कोअर. ५१ पैकी शेवटचे १४ तिसऱ्या क्वार्टरला आणि चौथ्यात शून्य, म्हणजे समोरच्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या फळीची मुलं उतरवली. मग ड्राइव्ह चार्ट: प्रत्येक आक्रमण कुठून सुरू झालं? समोरच्याच्या ४० यार्डांच्या आतून चार-पाच वेळा सुरुवात मिळाली असेल, तर ते गुण बचावफळीच्या माथी मारू नका. मग टर्नओव्हर (चेंडू कितीदा गमावला), मग प्रत्येक खेळीमागे सरासरी यार्ड. आणि धावण्याचे यार्ड उणे दिसले की लगेच दात काढू नका. कॉलेजात क्वार्टरबॅकला (पास फेकणारा) पास फेकायच्या आत मागे पाडलं, म्हणजे सॅक झाला, की गमावलेले यार्ड धावण्याच्या हिशोबातून वजा होतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासच्या हिशोबातून. पाच सॅक झाले तर धावणाऱ्यांची मेहनत कागदावरून पुसली जाते. ओल्या खेळपट्टीवर ९० धावांत आटोपलेल्या संघाबद्दल आपण "यांना बॅट धरता येत नाही" म्हणत नाही. इथे का म्हणता?

सप्टेंबरमध्येच हे जास्त का होतं, त्यालाही कारण आहे. सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, पूर्ण पॅड त्यानंतर. पहिला सामना सप्टेंबरच्या सुरुवातीला. त्या वेळात ऑफेन्स बसवायचा, डिफेन्स बसवायचा, आणि स्पेशल टीम्सना (किक आणि पंटच्या वेळी उतरणाऱ्या फळ्या) दिवसाची जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांत सामने फिरतात ते अडवलेल्या पंटवर, हुकलेल्या एक्स्ट्रा पॉइंटवर, उंच गेलेल्या स्नॅपवर. टॅकलिंगही (चेंडूवाल्याला पाडणं) कच्चं असतं. (मिनेसोटातल्या सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लियार्डी सरावात टॅकलिंग करूच द्यायचे नाहीत आणि तरी ४८९ सामने जिंकून २०१२ मध्ये निवृत्त झाले. पण ते गॅग्लियार्डी होते.)

आणि सप्टेंबरमध्ये कोण कोणाला हरवेल हे सांगणाऱ्यांनी १५ सप्टेंबर २०१२ विसरू नये. डिव्हिजन थ्रीच्याच विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरने २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली होती, सलग ४६ सामने जिंकले होते. त्यांच्याच मैदानावर न्यूयॉर्क राज्यातून बफेलो स्टेट आलं आणि ७-६ ने जिंकून गेलं. सात-सहा! आदल्या दिवशी बफेलो स्टेटच्या नावाभोवती कोणी लाल गोल काढला असता तर सगळे हसलेच असते. व्हाइटवॉटर त्या वर्षी ७ विजय, ३ पराभवांवर संपलं आणि प्लेऑफलासुद्धा (मोसमाअखेरची बाद फेरी) गेलं नाही. पुढच्या दोन्ही वर्षी, २०१३ आणि २०१४ ला, पुन्हा विजेते.

सप्टेंबरचा एक सामना इतका महाग का पडतो? साधा हिशोब आहे. नियमित मोसमात दहाच सामने. कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) दहा संघ असतील तर नऊ सामने घरातच संपतात, बाहेरचा उरतो एक. व्हाइटवॉटरच्या विस्कॉन्सिन कॉन्फरन्समध्ये आठ संघ आहेत: सात सामने आत, तीन बाहेर. ते तीन शोधायचे कुठे? ज्यांच्याकडे एकच तारीख मोकळी आहे, ते ती व्हाइटवॉटर किंवा त्यांच्याच कॉन्फरन्समधल्या ला क्रॉसला देऊन हार का ओढवून घेतील? मग ही तगडी पोरं चार-चार राज्यं ओलांडून सामने शोधत फिरतात. टेक्सासच्या मेरी हार्डिन-बेलरचं दुखणं याहून मोठं, कारण जवळपास तोलामोलाचं फार कोणी नाही. बलवान संघ एकमेकांना टाळतात आणि दुबळ्यांना घरी बोलावून ६० गुण चढवतात, संताप करायचाच असेल तर याच्यावर करा. लाल गोल त्या प्रशिक्षकांच्या वेळापत्रकाभोवती काढा.

प्लेऑफला २०२४ पासून ४० संघ असतात, त्याआधी ३२ होते. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश. उरलेल्या जागा आता एनपीआय नावाच्या निर्देशांकावरून ठरतात. त्यात तुम्ही किती जिंकलात याबरोबर कोणाशी खेळलात हेही मोजलं जातं. त्यामुळे चांगल्या संघाशी खेळून हरणं पूर्वीइतकं जीवघेणं राहिलेलं नाही, आणि टाळाटाळ करणाऱ्यांची सबब थोडी तरी कमी झाली. चांगला बदल आहे हा.

आता जे मान्य करायचं ते करतो. काही निकाल खरोखरच लाजिरवाणे असतात. २०१७ मध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० ने हरवलं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. २०१९ मध्ये मिनेसोटाच्या कॉन्फरन्सने सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला, आणि २०२१ पासून ते थेट डिव्हिजन वनमध्ये गेले. आणि हो, काही छोटी कॉलेजं फी भरणारी मुलं मिळावीत म्हणून शंभर-सव्वाशे जणांचा संघ बाळगतात, हेही खरं. मान्य. पण त्यात त्या मुलांचा काय दोष?

शिवाय सामना हाताबाहेर गेला तर नियमात सोय आहे. दोन्ही मुख्य प्रशिक्षक आणि रेफरी यांनी मिळून ठरवलं तर उरलेले क्वार्टर लहान करता येतात. काल तिसऱ्या क्वार्टरनंतर ते करता आलं असतं. आपल्या बाजूच्या प्रशिक्षकाने मागितलं नाही. आधी मला त्याचाही राग आला होता. पण चौथ्या क्वार्टरला त्या मुलांनी स्वतःच्या २२ यार्डांपासून एक एक फर्स्ट डाऊन (दहा यार्डांचा टप्पा) काढत टचडाऊन केला. समोर दुसरी फळी होती, ठाऊक आहे मला. तरी ती ७८ यार्डांची चाल होती आणि त्यात एकही पेनल्टी नव्हती. नव्या लाइनला (समोरच्यांना अडवणारी पुढची फळी) सप्टेंबरमध्ये जे शिकायचं असतं ते तिथे शिकायला मिळालं. एक्स्ट्रा पॉइंट हुकला. स्नॅप नीट होता, सात यार्ड मागे थेट होल्डरच्या (किकसाठी चेंडू धरणारा) हातात, किकच बाहेर गेली. त्या स्नॅपनंतर आपल्या पोराने मान वर केली आणि आधी होल्डरच्या हातांकडे बघितलं.

हरण्याबद्दल बोलायचंच असेल तर मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या मॅकालेस्टर कॉलेजचं नाव घ्या. १९७४ ते १९८० सलग ५० सामने हरले. कॉन्कॉर्डियाने १९७७ मध्ये त्यांना ९७-६ ने धुतलं होतं. सप्टेंबर १९८० मध्ये अगदी शेवटच्या सेकंदांतल्या फील्ड गोलवर (३ गुणांची किक) माउंट सेनारिओला १७-१४ ने हरवून ती साखळी तुटली. पुढे २०१४ मध्ये त्याच मॅकालेस्टरने मिडवेस्ट कॉन्फरन्स जिंकली. आणि आयोवातलं ग्रिनेल: २०१९ ला ३९ खेळाडूंनी सुरुवात, तीन सामन्यांत धडधाकट उरले २८. मग खेळाडूंनीच ठरवलं की आता उतरणं सुरक्षित नाही, आणि मोसम थांबवला. तो निर्णय घेण्याची हिंमत माझ्या लेखी कुठल्याही विजयाइतकी मोठी. २०२१ ला ते पुन्हा मैदानात आले.

राग आता जरा उतरलाय, तेव्हा पुढच्या शनिवारचं बोलू.

सामना निवडताना क्रमवारीतला आकडा बाजूला ठेवा. पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधले गेल्या वर्षीचे किती परतलेत ते बघा. चार असतील तर नवखा क्वार्टरबॅकही निभावतो. एकच असेल तर अनुभवी क्वार्टरबॅकही पाठीवर पडून असतो. गेल्या शनिवारी कोणाला सुट्टी होती? सप्टेंबरच्या सुट्टीचा फायदा मोठा, कारण पहिल्या सामन्यातल्या चुका दुरुस्त करायला दोन आठवडे मिळतात. बसचा प्रवास किती, आदल्या रात्री मुक्काम आहे की पहाटे निघून दुपारी सामना? चार तास बसून उतरलेली लाइन पहिल्या क्वार्टरला पाय ओढते. हवामान बघा: उकाडा असेल तर कमी खेळाडूंचा संघ तिसऱ्या क्वार्टरपासून पेटक्यांनी खाली बसतो, आणि तोपर्यंतचा १४-१० पुढे ३५-१० होतो.

आपल्या पोराचा संघ पुढच्या शनिवारी घरी खेळतोय. समोरचा संघही ०-२ आहे, पण दोन्ही वेळा एका टचडाऊनच्या आत हरलेला, तेव्हा सोपा समजू नका. त्यांचा पंट अडवायचा मारा मधूनच येतो. स्नॅपनंतर एक सेकंद स्नॅपरला धक्का देता येत नाही, म्हणून ते त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून घुसतात. तिथे अडवणाऱ्या गार्डनी पाय मागे नेताना आतली बाजू सोडली तर पंट गेलाच. पावसाचा अंदाज आहे. चेंडूंसाठी यावेळी दोन जण जास्त ठेवा असं प्रशिक्षकांना कोणीतरी सांगायला हवं. टॉवेल मी नेतोय.

सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्सचे सामने लागतात. ०-३ असलेला संघही तिथे ०-० पासूनच सुरू करतो, आणि तिथे पहिला आला तर ४० मधली जागा थेट त्याची. सामना एकला आहे, कॉलेजमागच्या मैदानावर. ज्यांनी काल इमोजी टाकल्या त्यांनी साडेबारापर्यंत यावं आणि पंटरचा सराव चालतो त्या कोपऱ्यात उभं राहून बघावं.