हेपटायटिस सी, डायलिसिस आणि ‘दोन वर्षांचा’ हिशेब

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी माझे मामा डायलिसिसला गेलेच नाहीत. बुधवारी केंद्रात पोहोचले तेव्हा वजन ठरलेल्या ड्राय वेटपेक्षा (जादा पाणी काढून टाकल्यावरच्या वजनापेक्षा) साडेचार किलोने जास्त भरले, आडवे झाल्यावर दम लागू लागला, आणि मामींच्या पिशवीत गुळवेलीच्या काढ्याची बाटली निघाली. विचारल्यावर मामींनी मोबाइल पुढे केला. मामांची हेपटायटिस सी या लिव्हरला ग्रासणाऱ्या विषाणूची तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मजकूर तीनदा फिरून गेला होता. त्याचे म्हणणे असे: डायलिसिसच्या रुग्णाला ही कावीळ झाली की तो दोन वर्षांपलीकडे जगत नाही, रोग मशीनमधूनच येतो, म्हणून डायलिसिसच्या फेऱ्या शक्य तितक्या कमी कराव्यात, यावरची औषधे किडनी निकामी झालेल्यांना चालत नाहीत, किडनी प्रत्यारोपणाचा मार्ग कायमचा बंद होतो, रोज गुळवेलीचा काढा आणि दोन शहाळी घेतल्यास लिव्हर ‘धुऊन निघते’, रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवावे, आणि औषध घेऊनही रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो, यावरून औषध खोटे हे सिद्ध होते.

फेऱ्या कमी करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याकडे वळतो. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाच्या शरीरातले पाणी आणि पोटॅशियम बाहेर पडायला डायलिसिसखेरीज फारसा मार्ग उरलेला नसतो. एक फेरी चुकली की पाणी फुप्फुसांत साठू लागते आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. ते काही तासांत जीव घेऊ शकते. हेपटायटिस सी लिव्हरवर काम करतो तो वर्षानुवर्षे. म्हणजे वीस वर्षांनी कदाचित येणाऱ्या संकटाच्या भीतीने या आठवड्यातले मरण ओढवून घ्यावे, असा हा सल्ला आहे. त्यावर पुन्हा दोन शहाळ्यांचा उतारा! एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, आणि डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून दोन ते तीन हजार मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलेले असते. फेरी चुकवायची आणि वर शहाळी प्यायची, हा मजकूर लिहिणाऱ्याने किडनीचा रुग्ण कधी जवळून पाहिला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

गुळवेलीचेही तेच. करोनाच्या पहिल्या वर्षात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण आढळले आणि ते सगळे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये ही नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवे. तो वाद मिटो न मिटो, आधीच विषाणूने ग्रासलेल्या लिव्हरवर हा प्रयोग करायची गरज काय?

‘रोग मशीनमधून येतो’ यात अर्धे सत्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. डायलिसिस केंद्रांत हा संसर्ग पसरतो, हे जगभर नोंदले गेले आहे. मात्र तो पसरतो हातांवरून: एका रुग्णाची सुई काढून त्याच हातमोज्यांनी दुसऱ्याच्या फिस्टुलाला (हातावर सुई टोचण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिनीला) हात लावला जातो, हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची एकच व्हायल अनेकांसाठी वापरली जाते, औषधांची ट्रॉली एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत फिरवली जाते, खुर्चीच्या हातावरचा रक्ताचा थेंब पुसायचा राहून जातो. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू काही दिवस तग धरतो. डायलायझरच्या, म्हणजे मशीनमधल्या रक्त गाळणाऱ्या भागाच्या, अखंड पडद्याची छिद्रे मात्र त्याला पार करता येणार नाहीत इतकी बारीक असतात. म्हणूनच ‘केडिगो’ या किडनीविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सी-बाधितांना वेगळे बसवू नये आणि त्यांच्यासाठी वेगळे मशीन राखून ठेवू नये असे सांगतात, आणि सगळा भर हात धुणे, हातमोजे बदलणे आणि पृष्ठभाग पुसणे यांवर देतात. वेगळी खोली आणि वेगळे मशीन लागते ते हेपटायटिस बीला. आपल्याकडची बरीच केंद्रे सीसाठीही कोपऱ्यातले एक मशीन बाजूला ठेवतात. ठेवू देत, पण त्यामुळे हातमोजे बदलण्याचे काम संपत नाही. नातेवाइकांनी पाहायचेच असेल तर सिस्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना मोजे बदलतात का, हे पाहावे आणि बदलत नसतील तर स्पष्ट बोलावे. दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाची तपासणी होते का, हेही विचारावे. कारण डायलिसिसच्या रुग्णांत एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारे रक्तातले एन्झाइम) मुळातच कमी असते आणि ते ‘नॉर्मल’ आले म्हणून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही.

आता दोन वर्षांचा आकडा. तो कुठून आला हे मजकुरात नाही, पण डायलिसिसच्या रुग्णांत हेपटायटिस सीमुळे आयुष्य घटते का, या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते ‘हो’ असेच आहे. फॅब्रिझी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून १,४५,६०८ डायलिसिस रुग्णांचा हिशेब मांडला. बाधितांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १.३५ पट आढळला. लिव्हरच्या विकाराने मरण्याचा धोका ३.८ पट, आणि हृदयविकाराने मरण्याचा १.२६ पट. याचा अर्थ असा की समजा बाधा नसलेल्या शंभर डायलिसिस रुग्णांपैकी वर्षभरात वीस दगावत असतील, तर बाधा असलेल्या तशाच शंभरांपैकी सत्तावीसच्या आसपास दगावतील. हा फरक लहान नाही आणि तो झाकूनही ठेवू नये. परंतु ‘सगळेच दोन वर्षांत’ याच्या तो जवळपासही जात नाही. दुसरे असे की हे आकडे नव्या गोळ्या येण्याआधीच्या काळातले, म्हणजे बहुतेकांवर उपचारच होत नसतानाचे आहेत. तेव्हाच्या उपचारातली इंटरफेरॉनची इंजेक्शने डायलिसिसच्या रुग्णांना सोसत नसत आणि त्यांच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या रिबाव्हिरिन या औषधाने आधीच कमी असलेले हिमोग्लोबिन आणखी उतरत असे, त्यामुळे डॉक्टर उपचार टाळत, हे खरे होते.

औषधे चालत नाहीत, हा समज त्या काळातून रेंगाळत आला आहे. सोफोसबुविर हे नव्या गोळ्यांपैकी एक औषध आले तेव्हा किडनी फारच खराब असलेल्यांसाठी त्याची शिफारस नव्हती, तेव्हा मजकूर लिहिणाऱ्याने कधीतरी काहीतरी वाचले असावे. पण त्याने पुढचे वाचले नाही. ग्राझोप्रेविर आणि एल्बासविर या नव्या औषधांच्या जोडीची चाचणी मुख्यत्वे डायलिसिसवरच्याच रुग्णांवर झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले: १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी सुमारे ९९ टक्के रुग्ण विषाणूमुक्त. २०१७ मध्ये ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर या दुसऱ्या जोडीच्या १०४ रुग्णांच्या चाचणीत हा आकडा ९८ टक्के होता. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने सोफोसबुविरवरचा तो निर्बंधही डायलिसिसच्या रुग्णांसाठी काढून टाकला. आपल्याकडे २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणुजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. सिरोसिस (लिव्हर कायमचे कडक होणे) नसेल तर उपचार साधारण ८४ दिवसांचा असतो. गोळ्या सुरू करण्यापूर्वी मात्र रुग्ण घेत असलेल्या इतर सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायलाच हवी, विशेषतः अमिओडारोन हे हृदयाच्या ठोक्यांवरचे औषध चालू असेल तर.

प्रत्यारोपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सी-बाधित रुग्णाला किडनी बसवता येते. उपचार आधी करायचा की नंतर, एवढाच निर्णय डॉक्टर घेतात. उलट अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सी-बाधित दात्यांच्या किडन्या बाधा नसलेल्या दहा रुग्णांना मुद्दाम बसवून नंतर गोळ्या दिल्या गेल्या आणि दहाही जण बरे झाले, हे २०१७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे.

ताट-पेल्याच्या बाबतीत मामींनी मजकुराचे तंतोतंत पालन केले होते. मामांच्या पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका, आणि तो पेला मोरीच्या कट्ट्यावर एकटा पालथा. हा विषाणू रक्तातून जातो. एका ताटात जेवल्याने, खोकल्याने किंवा पाठीवर हात ठेवल्याने जात नाही. दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश वेगळे असावेत, इतकेच खरे, आणि नेमके तेच मजकुरात नव्हते.

राहिला शेवटचा ‘पुरावा’. प्रथम केली जाते ती अँटिबॉडीची तपासणी. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी विषाणू गेल्यावरही वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर, रक्तात राहतात, त्यामुळे पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाचाही हा रिपोर्ट पॉझिटिव्हच येतो. विषाणू आहे की गेला हे सांगते ती आरएनए तपासणी, जी खुद्द विषाणूचा जनुकीय अंश रक्तात शोधते. मामांची ती झाली, विषाणू आढळला आणि गोळ्या मागच्या गुरुवारी सुरू झाल्या. त्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचे आहे, आणि त्या दिवशी पाहायचा तो फक्त आरएनएचा रकाना. अँटिबॉडीच्या रकान्यात तेव्हाही ‘पॉझिटिव्ह’ असेल, हे मी मामींच्या फाइलवर आत्ताच पेनाने लिहून ठेवले आहे.