रोजगार हमीने लोक आळशी होत नाहीत
"सरकारने पोलीस, कोर्ट, रस्ते एवढंच बघावं, बाकी दिलं की लोक आळशी होतात" हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९७२च्या दुष्काळात माझी आजी बीडकडे खडी फोडायला जायची, सरकारी कामावर, तेव्हा घरात भाकरी झाली. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंच्या पाठपुराव्याने १९७७ला महाराष्ट्रात रोजगार हमीचा, म्हणजे गावात मागेल त्याला काम देण्याचा, कायदा झाला, पगारदारांचा व्यवसाय कर त्यासाठीच लावला, आणि २००५मध्ये देशानेही हीच कल्पना उचलली. भर उन्हात पाझर तलावाची माती उपसणारी बाई आळशी कशी हो?

मलाही सरकारची लुडबुड नको असते, लायसन्स-परमिट तर नकोच, पण पाऊस दगा देतो तेव्हा गावात काम कोण देणार? मजुरी महिनोन्महिने रखडते, त्यावर लिहा ना.